उजव्या तीरावरच्या उपनद्या

१४ नोव्हेंबर

आज नववीच्या वर्गावर पहिल्यांदा गेले. ताईच्या वर्गावर. टेबलाच्या खणात तिचा निळा खडू होता, अर्धा झिजलेला. नद्या निळ्या खडूनेच काढायच्या, हा तिचा नियम. मी पांढऱ्याने काढली. मुद्दाम.

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "बाई, नदी निळी असते ना?"

"खडू कुठलाही घेतला तरी ती वाहतेच," मी म्हटलं. कोणी हसलं नाही. हेच ताई म्हणाली असती तर वर्ग खिदळला असता.

ताईला जाऊन महिना होऊन गेला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "नववी तुमच्याशिवाय कोणाला देऊ? विषय तुमचाच, आणि तुम्ही त्यांची बहीण." मी पाचवी ते सातवीला भूगोल शिकवते, ताई वरच्या वर्गांना शिकवायची. सगळ्या शाळेसाठी ती मोठ्या बाई आणि मी छोट्या बाई. आता मोठ्या बाई नाहीत, तरी मी छोटीच. वर्गात शिरताना तेच कानावर आलं — "गप्प रे, छोट्या बाई आल्या."

घरी आले. दोन खोल्यांचं घर, आता फारच मोठं वाटतं. तिची आठवण येते आणि तिचा हेवाही वाटतो. एकाच वेळी दोन्ही. गेलेल्या माणसाचा हेवा करणारी बहीण! हे कोणाशी बोलण्यासारखं नाही, म्हणून ही वही काढली.

१५ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत नववीच्या तीन मुली ताईच्या आठवणीने रडत होत्या. चित्रकलेच्या बाईंनी त्यांना जवळ घेतलं. मी शेजारून गेले. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

१८ नोव्हेंबर

आज डावा तीर आणि उजवा तीर. दरवर्षी मुलं इथे हमखास अडखळतात. वर्गातल्या सर्वांत उंच मुलाला पुढे बोलावलं. त्याला सगळे लंबूच म्हणतात, त्याचं खरं नाव मला हजेरीतच सापडतं.

"तू नदीत उभा आहेस. पाठ उगमाकडे कर. तोंड पाणी वाहतं त्या दिशेला. आता उजवा हात वर. त्या हाताला जो काठ, तो उजवा तीर."

फळ्यावरची नदी वरून खाली वाहत होती. त्यामुळे उजवा तीर फळ्याच्या डाव्या बाजूला आला. लगेच आरडाओरडा. "बाई, तो तर डावीकडे आहे!"

"तू बाकावर बसून बघतोयस म्हणून. नदी तुझ्याकडे बघून तीर ठरवत नाही. फळा विसर, कागद विसर. तीर नदीच्या हिशोबाने ठरतात."

लंबू म्हणाला, "म्हणजे नदीला पाठ आणि तोंड दोन्ही असतात, फक्त डोकं नसतं." या वेळी हसले सगळे. मीही हसले. पाठ चांगला चालला होता.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची ती बारीक आवाजाची मुलगी — चिमणी — म्हणाली, "मोठ्या बाई आम्हाला व्हरांड्यात रांग करून नदीसारखं चालवणार होत्या. वळणावर बाहेरच्यांनी जोरात चालायचं, आतल्यांनी हळू." झालं. माझा सगळा पाठ तिथेच बसला. सोपी गोष्ट, आणि किती चांगली. बाहेरच्या काठाला वेग जास्त म्हणून तिथे झीज, आतल्या काठाला गाळ. मला इतक्या वर्षांत सुचली नाही.

एक गोष्ट मात्र कळली. खिडकीकडच्या रांगेला प्रश्न विचारला तर ती मुलं दचकलीच.

"आम्हाला विचारताय, बाई?"

"का? तुम्ही वर्गात नाही?"

"मोठ्या बाई आम्हाला विचारायच्याच नाहीत. आधी विचारायच्या. मग बंदच केलं. हात वर केला तरी नाही."

"आम्ही मागे फुली-गोळा खेळायचो," एकजण म्हणाला आणि जीभ चावली.

म्हणजे ताईही डावं-उजवं करायची. काही मुलं लाडकी, काही नाही. माझ्यावर एका आईने असा आरोप केला होता, तेव्हा ताई मला म्हणाली होती, "शिक्षकाने वर्गभर नजर ठेवायची असते गं." आता कोणाची नजर कुठे होती? घरी येईपर्यंत मला बरं वाटत होतं. मग वाटेनासं झालं.

२० नोव्हेंबर

स्टाफरूममध्ये ताईची खुर्ची अजून तशीच आहे. तिच्या डाव्या हाताला माझी, उजव्या हाताला चित्रकलेच्या बाईंची. त्या दोन वर्षांपूर्वी आल्या. वय ताईच्या निम्मं. बोलतात भरभर, हसतात मोठ्याने, बोटांना कायम रंग. ताईला त्या आवडायच्या हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तेव्हा फार वाटलं नाही.

पण शेवटच्या दोन महिन्यांत ताई पूर्ण त्यांच्याकडे वळून बसायची. मान, खांदे, सगळं तिकडे. मी चहाचा कप तिच्याजवळ सरकवून ठेवला तर तो तसाच गार व्हायचा. चित्रकलेच्या बाईंनी दिलेला मात्र लगेच उचलायची. मी एखादं वाक्य बोलले तर उत्तर यायचं, पण बघायची समोरच. घरीही तेच. जेवायला मी तिच्या डाव्या हाताला बसते, लहानपणापासून. ती उजवीकडच्या भिंतीशी बोलावं तशी बोलायची.

आणि मग तो दिवस. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सप्टेंबर होता. मी तिच्या शेजारी पेपर तपासत होते, कोपराला कोपर लागेल इतकी जवळ. ताई चित्रकलेच्या बाईंना म्हणाली, "आमची धाकटी कुठे दिसत नाही आज?"

स्टाफरूम हसली. गणिताचे सर म्हणाले, "मोठ्या बाई, शेजारी बघा शेजारी. चष्मा बदला आता." ताईने मान वळवली, मला बघितलं, म्हणाली, "अगं बाई, बसलीय की!" आणि तीही हसली. चित्रकलेच्या बाई तर डोळे पुसेपर्यंत हसल्या.

मी काही बोलले नाही. मान खाली घालून पेपर तपासत राहिले. चारचौघांत अशी चेष्टा तिने आधी कधी केली नव्हती. त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरतं बोलले. वाटलं, विचारेल — काय गं, काय झालं? तिने विचारलं नाही. तिला जाणवलंसुद्धा नाही बहुतेक. मग ती शाळेच्या जिन्यात कोसळली आणि दवाखान्यातून परत आलीच नाही. डोक्यात गाठ होती, आत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. "बरेच महिने असणार. घरात काही जाणवलं नाही का?" मी नाही म्हटलं.

तिने माझ्याकडे पाठ का फिरवली, हे मला माहीत नाही. माझं काय चुकलं? एवढंच विचारायचं राहिलं. बाकी सगळं हळूहळू झेपेल. हे झेपत नाही.

२१ नोव्हेंबर

चित्रकलेच्या बाई आज ताईच्या खुर्चीवरची धूळ पुसत होत्या. ते काम माझं होतं.

२४ नोव्हेंबर

दादा-वहिनी येऊन गेले. वहिनीने ताईचं कपाट आवरायला मदत केली. वहिनी बोलते फार, पण हाताला वेग आहे. स्वेटर घडी करता करता म्हणाली, "राग नको येऊ देऊ हं, पण ताई शेवटच्या आल्या ना आमच्याकडे, तेव्हा अर्धं ताट तसंच ठेवून उठल्या. म्हटलं, झालं काय? तर म्हणे, संपवलं की सगळं. मला इतकं लागलं. एवढं मर मर करून केलेलं!"

माझ्याकडेही ती तसंच करायची. मी वाढलेल्यातलं अर्धं. मी मनात म्हणायचे, आता माझ्या हातचं गिळतही नाही. आज कळलं, वहिनीच्या हातचंही गिळत नव्हती. इतकं हलकं वाटलं! वहिनीला चहा करून दिला, वर बिस्किटं.

कपाटात तिचा निळा ब्लाउज होता, डाव्या बाहीचा दोरा निघालेला. ती दाराला खांदा आपटून घ्यायची अलीकडे. दंडावर कायम काळानिळा डाग. मी म्हणायचे, सावकाश चाल. ती म्हणायची, "दारच अरुंद आहे तुझं." तुझं! घर दोघींचं.

वहिनी जाताना म्हणाली, "ताईंसारखं माणूस होणे नाही. सगळ्यांकडे लक्ष." मी हो म्हटलं.

२७ नोव्हेंबर

मुख्याध्यापिकांनी बोलावलं होतं. ताईच्या भिंतीबद्दल.

वरच्या व्हरांड्यात एक लांब भिंत आहे. दरवर्षी ती पांढरी करून घ्यायची आणि ताईने नववीसाठी त्यावर आपल्या नदीचा नकाशा रंगवायचा — उत्तरेच्या डोंगरातला उगम, धरण, गाव, वळणं, संगम. वर्ष संपलं की पुन्हा पांढरी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "यंदाचा नकाशा पुसायचा नाही. कायमचा ठेवू. वर काच, खाली त्यांचं नाव. डिसेंबरच्या मध्यात छोटासा कार्यक्रम. तुम्ही दोन शब्द बोलाल ना?"

मी म्हटलं, "ती स्वतः दरवर्षी पुसायची. तिला नसतं आवडलं."

"त्यांना काय आवडलं असतं ते तुम्हालाच माहीत," असं म्हणाल्या. मला लागलं. मला काय माहीत होतं? काहीच नाही.

खरं कारण वेगळं आहे. मी तो नकाशा या वर्षी नीट बघितलेलाही नाही. ताई तो रंगवत होती तेव्हा चित्रकलेच्या बाई खाली उभ्या राहून रंगाचे डबे द्यायच्या. मी तेव्हापासून मागच्या जिन्याने जाते. मी मेल्यावर कुठली भिंत काचेत ठेवतील? पाचवीच्या वर्गाबाहेर नोटीस बोर्ड आहे. तोच असेल.

२८ नोव्हेंबर

चाचणीचे पेपर.

"नदी म्हातारी झाली की हळू चालते आणि हातातलं सगळं वाटेत टाकत जाते." अर्धा गुण द्यायचा होता, पूर्ण दिला.

"नालाकृती सरोवर म्हणजे नदीने सोडून दिलेलं वळण. त्याला वाटतं नदी परत येईल." हे चिमणीचं.

"संगम म्हणजे दोन नद्या भेटतात व पुढे मोठीचंच नाव लागतं. छोटी तिथे संपते." यावर मी लाल पेनने लिहिलं — छोटी संपत नाही. पाणी राहतं, नाव जातं. मग वाटलं, मुलाला हे कशाला? पण खोडलं नाही.

२ डिसेंबर

आज शेवटी त्या व्हरांड्यात गेले. दोन शब्द बोलायचे तर बघायला हवं म्हणून.

नकाशा सुंदर आहे. हे लिहिताना बोटं दुखतात, पण आहे. नदी वरून खाली येते. वळणावर बाहेरच्या बाजूला गडद निळा, आत पिवळसर गाळ. डोंगर असे की वरून उडत चाललोय असं वाटावं.

मग वर्गातल्यासारख्या उपनद्या मोजल्या. डाव्या तीरावर चार. सगळ्या बरोबर, एकीवर तर बाण पुन्हा गिरवलेला. उजव्या तीरावर — एकही नाही! मी दोनदा बघितलं. उजव्या तीरावर आपल्या नदीला तीन उपनद्या आहेत. त्यांतली एक तर आमच्या घरामागून जाते, लहानपणी आम्ही दोघी तिच्यात पाय सोडून बसायचो. ती नाही. तिच्या काठचं गाव नाही. डोंगरही नाही. नुसती पांढरी भिंत.

ताई चुकली. मोठ्या बाई चुकल्या, आणि किती मोठी चूक! पाचवीतलं पोर ओळखेल अशी.

मी लगेच मुख्याध्यापिकांकडे गेले नाही. ही गोष्ट एक दिवस एकटीकडे ठेवावीशी वाटली.

३ डिसेंबर

नववीला वर व्हरांड्यात नेलं.

"उजव्या तीरावर किती उपनद्या दिसतात?"

सगळ्यांनी मनातल्या मनात नदीत उभं राहून पाठ उगमाकडे केली. शिकवलेलं लक्षात होतं. लंबू म्हणाला, "एकही नाही, बाई."

"खऱ्या किती आहेत? पुस्तक उघडा."

पानांचा आवाज. मग कोणीतरी — "तीन."

"म्हणजे नकाशा चुकलाय."

एकदम सगळे हसायला लागले. मला कळेना. चिमणी म्हणाली, "बाई, मोठ्या बाई दरवर्षी मुद्दाम एक चूक ठेवतात. ज्याला सापडेल त्याने ब्रश घेऊन ती दुरुस्त करायची आणि कोपऱ्यात बारीक नाव लिहायचं. बाहेर सांगायचं नाही. पुढच्या नववीला तर नाहीच नाही. तुम्हाला माहीत नाही?"

नाही. एका घरात राहून, एका ताटलीत बिस्किटं खाऊन, मला माहीत नव्हतं. मला वाटलं मी तिची चूक पकडली, आणि तीही तिनेच ठेवलेली निघाली.

पण तेवढ्यात लंबू म्हणाला, "पण यंदाची तर सापडली होती ना? चिमणीलाच. पूर्वेच्या उपनदीचा बाण डोंगराकडे चढवला होता. ते बघा, गडद दिसतोय तो. खाली नाव आहे तिचं."

सगळे पुन्हा भिंतीकडे वळले. चिमणी हळूच म्हणाली, "बाई एकच चूक ठेवायच्या. मग ही कोणाची?"

"ही खरी आहे," मी म्हटलं. माझ्या आवाजात काय होतं ते मला ठाऊक आहे.

"मोठ्या बाई अशा चुकणार नाहीत," एक मुलगी म्हणाली. रडवेली झाली होती. मला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. पण झाला नाही असंही नाही.

४ डिसेंबर

मुख्याध्यापिकांना सांगितलं. चुकीचा नकाशा काचेत कसा ठेवणार, भूगोल शिकवणाऱ्या शाळेत? त्या विचारात पडल्या. वाटलं, आता भिंत पुसणार. पण म्हणाल्या, "मग तुम्हीच पूर्ण करा ना. तुमच्या हाताने. दोघी बहिणींचा नकाशा होईल. किती छान!"

ताईच्या नकाशावर माझा हात. हेही मला हवंच होतं की काय, कोण जाणे. हो म्हटलं.

५ डिसेंबर

रंग मागायला चित्रकलेच्या बाईंच्या खोलीत गेले. आत मी कधी गेले नव्हते. त्यांनी स्टूल पुसून दिलं. निळा कसा मिसळायचा ते सांगू लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"मी तेव्हा त्यांना म्हटलं होतं, मोठ्या बाई, इकडची बाजू राहिली. त्या शिडीवर होत्या. म्हणाल्या, कुठली बाजू? मी हात केला. त्यांनी बघितलं, म्हणजे बघितल्यासारखं केलं, आणि म्हणाल्या, झालाय की पूर्ण! मला वाटलं, ही यंदाची चूक. म्हणून मी डोळा मारला आणि गप्प बसले. मग मुलांना बाणाची चूक सापडली, तरी मी म्हटलं, यंदा दोन ठेवल्या असतील." त्या ब्रशचे केस चिमटीत धरून बसल्या होत्या. "तेव्हा बोलायला हवं होतं का हो मी? मला झोप लागत नाही."

मी म्हटलं, "तुमच्याशी ती छान हसायची."

त्या म्हणाल्या, "आणि बोलायच्या तुमच्याबद्दलच. धाकटी अशी, धाकटी तशी. अलीकडे म्हणायच्या, ती मला भेटतच नाही."

भेटतच नाही! दिवसातले सगळे तास शेजारी. मी रंगाचा डबा घेऊन निघाले. राग आला होता. कशाचा ते कळलं नाही.

७ डिसेंबर

शाळा सुटल्यावर वर गेले. शिपायाने शिडी आणून दिली, धरून उभा राहिला. मी ब्रश बुडवला आणि उजव्या तीराकडे हात नेला. डावा हात. उजव्या हाताने शिडी धरलेली, आणि ती बाजू माझ्या डाव्या हातालाच होती.

तिथेच थांबले.

इतके दिवस मी म्हणत होते, उजवा तीर, उजवा तीर. नदीत उभी राहून बघत होते, मुलांना शिकवते तशी. भिंतीकडे तोंड करून बघितलंच नाही. भिंतीकडे तोंड करून बघितलं तर उजवा तीर गेला नव्हता. डावी बाजू गेली होती. सगळी. उपनद्या, डोंगर, गाव, वरचं शीर्षकही — ते भिंतीच्या मध्यापासून सुरू होतं. ताई नदीत उभी नव्हती. ती भिंतीसमोर उभी होती, मी उभी होते तशीच.

खिडकीकडची रांग. फळ्याजवळ उभं राहिलं की खिडकी डाव्या हाताला येते.

अर्धं ताट. दंडावरचा डाग, डाव्या.

"बाई, चक्कर येतेय का?" शिपायाने विचारलं. "उतरा खाली. उद्या करा."

उतरले. रंग तसाच डब्यात. भिंतीला हात लावला नाही.

८ डिसेंबर

सकाळीच डॉक्टरांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं — नकाशा, ताट, दार, रांग. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"गाठ उजव्या भागात होती," ते म्हणाले. "मेंदूचा उजवा भाग डावी बाजू सांभाळतो. अशा माणसाचे डोळे चांगले असतात. पण डावीकडे काही असू शकतं, हेच त्याच्या लक्षात राहत नाही. अर्धं जेवतो आणि संपलं म्हणतो. दाराला धडकतो आणि दाराला नावं ठेवतो. मुद्दाम नाही हो. त्याला स्वतःला पत्ताच नसतो. कोणी हाक मारून दाखवलं तर तेवढ्यापुरतं दिसतं, पुन्हा गेलं."

"म्हणजे तिला कळत होतं की नाही?"

"नसणार. असं बहुधा घरच्यांच्या लक्षात येतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्याही नसेल आलं. होतं असं."

तिथून शाळेत गेले. मुख्याध्यापिकांना सांगितलं — नकाशा आहे तसाच ठेवा. काच लावा. दुरुस्त करायचा नाही. त्यांनी कारण विचारलं. मी दोन शब्दांत सांगेन म्हटलं, कार्यक्रमात. नववीला मात्र आजच सांगितलं, कारण त्या मुलीला मी त्या दिवशी रडवलं होतं. सगळं सांगितलं. खिडकीकडच्या रांगेतली मुलं एकमेकांकडे बघत राहिली. लंबूने बाहीने डोळे पुसले आणि नाक पुसल्याचं नाटक केलं.

चित्रकलेच्या बाईंनाही सांगितलं. त्या रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. आधी कधी फिरवला नव्हता.

९ डिसेंबर

स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं. ताईच्या खुर्चीत बसले. डावीकडची माझी खुर्ची रिकामी. मान सरळ ठेवली तरी डोळ्यांच्या कडेला ती दिसते मला. तिला तेवढीही दिसत नव्हती.

म्हणजे ती चेष्टा नव्हती. "आमची धाकटी कुठे दिसत नाही आज?" — ती मला शोधत होती. आणि मी कोपराला कोपर लावून बसले होते, आणि ओ दिली नाही.